अक्षर किती बिघडवायचं?

रक्ताचे थेंब काढायचे नाहीत, एवढी एकच गोष्ट सुरुवातीपासून नक्की होती. भयकथांच्या एका पुस्तकमालेसाठी शीर्षकाचं अक्षर हवं होतं. प्रत्येक पुस्तकाचं नाव वेगळं असणार, पण मालिका एकच आहे हे लांबून कळायला हवं. पुढच्या पुस्तकांची नावं तर अजून लेखकांनाही सुचलेली नव्हती. त्यामुळे दर वेळी नवं अक्षरलेखन करत बसण्यापेक्षा एक हाताने काढलेला डिस्प्ले फॉन्टच, म्हणजे मोठ्या शीर्षकांसाठीचा फॉन्ट, बनवावा असं ठरलं, आणि तो मी बनवला.

अक्षरलेखन आणि फॉन्ट यांतला फरक काम सुरू झाल्यावर रोज टोचतो. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची शीर्षकं हाताने घडवली, त्यांत प्रत्येक अक्षराला आपला शब्द ठाऊक असतो. कुठली मात्रा ताणायची, कुठल्या उकाराला गिरकी द्यायची, हे त्या एका नावापुरतं ठरवता येतं. फॉन्टमधल्या अक्षराला आपल्या शेजारी कोण येऊन बसणार याचा पत्ता नसतो. ‘क’ आज ‘काळोख’मध्ये उभा राहील, उद्या ‘नरक’मध्ये, आणि परवा कुणीतरी हौसेने त्याच फॉन्टात ‘सस्नेह निमंत्रण’ टाइप करील. म्हणून सगळी भीती एखाद्या ‘भ’मध्ये ओतून भागत नाही. ती पूर्ण संचात थोडी थोडी वाटावी लागते, आणि किती वाटायची हाच या कामातला खरा प्रश्न आहे.

आधी पाहणी केली. रोमन लिपीत भयाची अक्षरं काढायची परंपरा मोठी आहे आणि तिच्यात ढोबळमानाने दोन पंथ दिसतात. पहिला पंथ सजावटीचा. अक्षर नेहमीचंच, त्याच्यावर ओरखडे, ओघळ, कोळिष्टकं, हाडं. असं अक्षर वाचणाऱ्याला ‘इथे घाबरा’ असं सांगतं, आणि सांगून कुणी घाबरत नाही. दुसऱ्या पंथाचं उत्तम उदाहरण म्हणजे अमेरिकन अक्षररचनाकार एड बेंगियाट यांचा १९७७चा ‘आयटीसी बेंगियाट’ हा फॉन्ट. त्यात एकही थेंब नाही. आर्ट नूव्हो या जुन्या युरोपीय सजावटशैलीच्या वळणाचं, गोलसर, खरं तर देखणंच अक्षर आहे ते. पण त्यानंतरच्या काळात ते इंग्रजी भयकादंबऱ्यांच्या मुखपृष्ठांवर इतकं दिसलं की आज ते पाहिलं तरी दार करकरल्यासारखं वाटतं. तिथली भीती आकारातून कमी आणि सवयीतून जास्त आलेली आहे. देवनागरीत मला अशी तयार सवय मिळणार नव्हती. जे काही करायचं ते आकारातूनच करावं लागणार होतं.

इथे उपयोगी पडली ती अक्षरांशी थेट संबंध नसलेली एक कल्पना. जपानी रोबोटतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० साली एका निबंधात लिहिलं होतं की यंत्र जसजसं माणसासारखं दिसू लागतं तसतसं ते आपल्याला आवडत जातं. पण ते माणसाच्या अगदी जवळ पोचलं आणि जरासंच कमी पडलं की एकदम नकोसं वाटतं. मोरी बोलत होते रोबोटांबद्दल आणि कृत्रिम हातांबद्दल. ती कल्पना अक्षरांना लावणं ही माझी उसनवारी. पण कागदावर ती खरी ठरताना दिसली. पार मोडून टाकलेला ‘म’ पाहून लोक हसतात. जवळजवळ बरोबर असलेल्या ‘म’कडे ते दुसऱ्यांदा पाहतात, आणि मला ते दुसऱ्यांदा पाहणं हवं होतं.

मग साधनं. कोरड्या ब्रशची अक्षरं मोठ्या कागदावर फार छान दिसली. केसांच्या रेघा, तुटलेल्या कडा, सगळं होतं. ती पुस्तकाच्या कण्यावर बसतील एवढी लहान केली तेव्हा फक्त मळकी दिसू लागली. काटकी शाईत बुडवून पाहिली, ओल्या कागदावर शाई पसरू दिली. ओल्या कागदावरचं अक्षर कधी कसं येईल याचा नेम नसतो, आणि फॉन्टच्या सगळ्या अक्षरांत एकच वृत्ती हवी असते, म्हणून तेही बाजूला ठेवलं. डाव्या हाताने लिहून पाहिलं. हा सल्ला सगळे देतात. डाव्या हाताच्या थरथरीतून आलेलं अक्षर लहान मुलाचं किंवा आजारी माणसाचं वाटतं. त्याने जीव कळवळतो, भीती वाटत नाही.

शेवटी उत्तर सापडलं ते टाकाच्या कापात. बोरूने किंवा कटनिबने लिहिताना रेघ कुठे जाड आणि कुठे बारीक होणार हे टाक कोणत्या बाजूला कापलाय यावर ठरतं. वाचणाऱ्याला हे शब्दांत सांगता येणार नाही, पण त्याच्या डोळ्याला त्या जाड-बारीक जागा पाठ असतात. टाक उलट्या बाजूने कापला की जाडी भलत्या जागी जाते. ही युक्ती जुनी आहे. लंडनच्या कॅस्लन अँड कॅदरवुड या टाइप फाउंड्रीने, म्हणजे छपाईचे खिळे ओतणाऱ्या कारखान्याने, १८२१च्या सुमारास ‘इटालियन’ नावाचं अक्षर काढलं होतं. त्यात रोमन अक्षरांच्या नेहमीच्या जाड रेघा बारीक आणि बारीक रेघा जाड केल्या होत्या. तेव्हाच्या जाणकार मुद्रकांना ते भयंकर वाटलं. पुढे मात्र त्याच जातीची अक्षरं सर्कशीच्या आणि खेळतमाशांच्या जाहिरातींवर विराजमान झाली. म्हणजे सगळंच उलटवलं की अक्षर विदूषक होतं. म्हणून मी सगळं उलटवलं नाही. गोलाई आणि गाठी नेहमीच्या कापाने काढल्या. कान्याचा दंड तेवढा वेगळा केला. नेहमी तो वरून खाली ओढतात. मी टोकदार निबने खालून वर ओढला. निब वर जाताना कागदात अडते, रेघ अडखळते, आणि शिरोरेघेपाशी पोचेपर्यंत बारीक झालेली असते. खाली जड आणि वर केसाएवढा, असा तो दंड एकटा पाहिला तर चुकलेला वाटत नाही. अक्षरात बसला की अक्षर टांगल्यासारखं दिसतं.

टांगणं हा शब्द आला की देवनागरीचं सगळं नाटक शिरोरेघेवर येतं.

रोमन अक्षरं जमिनीवर उभी असतात, म्हणून त्यांना भीतिदायक करणारे त्यांचे पाय वाकडे करतात. आपली अक्षरं वरून लोंबतात. तेव्हा रेघ हलवली की अख्खा शब्द हलतो. नेहमीच्या फॉन्टात शिरोरेघ सरळ आणि एका जाडीची असते. प्रत्येक अक्षर आपल्या वाट्याचा तुकडा सोबत घेऊन येतं, आणि तो तुकडा रुंदीपेक्षा किंचित लांब ठेवलेला असतो, म्हणजे शेजारच्या तुकड्यावर चढून सांधा दिसेनासा होतो. ही सोय सरळ रेघेपुरती ठीक आहे. रेघ लहरती केली की एका अक्षराचा तुकडा वर संपतो, दुसऱ्याचा खाली सुरू होतो आणि मध्ये पायरी पडते. अशा पायऱ्यांनी भरलेला शब्द मोडक्या प्रिंटरमधून आल्यासारखा दिसतो.

त्यावर नियम असा बांधला: प्रत्येक तुकड्याची दोन्ही टोकं ठरलेल्या उंचीवर आणि ठरलेल्या जाडीची, मधला भाग मात्र मोकळा. मग मधल्या भागाला अक्षराच्या वजनाप्रमाणे झोल दिला. ‘ग’ हलका, त्याची रेघ जेमतेम झुकते. ‘क्ष’ आणि ‘ह्म’ जड, तिथे ती चांगलीच दबते. पूर्ण शब्द लिहिला की ओल्या कपड्यांनी ओढलेल्या दोरीसारखी शिरोरेघ दिसते. झोल किती असावा यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. अक्षराची उंची हजार एककांच्या चौकटीत मोजतात. त्यात बारा-पंधरा एककांचा झोल नजरेला कळत नाही पण जाणवतो, आणि चाळीसच्या पुढे गेलं की शब्द गंमतीदार दिसू लागतो. माझ्या डोळ्याला पटलेला पट्टा वीस ते तीसचा. हे आकडे माझ्या अक्षराच्या जाडीपुरते खरे आहेत. रेघ बारीक असती तर कमी पुरला असता.

झोल झाला, आता तोडायची हौस. तुटलेली शिरोरेघ हा देवनागरीतला सगळ्यात सोपा भयप्रयोग आहे आणि बहुतेक ठिकाणी तो अविचाराने केलेला असतो. ‘घ’ची शिरोरेघ पूर्ण असते, ‘ध’ची डाव्या बाजूला उघडी. ‘म’ची पूर्ण, ‘भ’ची उघडी. ‘य’ आणि ‘थ’ यांचंही तेच. गाठीचा फरक असतो, पण ओबडधोबड हाताने काढलेल्या अक्षरात गाठ शाईच्या डागात सहज हरवते आणि मग वाचणारा फक्त रेघ बंद आहे की उघडी एवढंच पाहतो. रेघ वाटेल तिथे तोडली की ‘घात’चा ‘धात’ होतो, ‘मरण’चा ‘भरण’. उलट बाजूने, रेघ जरा जास्त लांबली की ‘भय’ हे ‘मय’ होऊन बसतं. भयकथेच्या मुखपृष्ठावर ‘मय’! तेव्हा तोडण्याच्या जागा आखून घेतल्या. चीर फक्त कान्याच्या उजवीकडे पडेल, डाव्या अर्ध्या भागावर कधीच नाही. आणि वर सांगितलेल्या जोड्यांतल्या एकाही अक्षराला चीर नाही. ‘ध’ आणि ‘भ’ची गाठ नेहमीपेक्षा मोठी, पोकळ आणि स्वच्छ ठेवली. भयाच्या अक्षरात ही दोन सगळ्यात सभ्य दिसतात, त्याला माझा इलाज नाही. ‘ख’ हा ‘रव’ वाचला जाऊ नये म्हणून त्याचे दोन भाग खाली जोडलेलेच ठेवले, तिथेही कलाकारी नको म्हटलं.

खरं सांगायचं तर या टप्प्यावर फॉन्ट फार सभ्य होत चालला होता. वाचनीयता राखायला गेलं की प्रत्येक नियम अक्षराला थोडं सरळ करतो. म्हणून जिथे वाचनाला धोका नाही अशा जागा मुद्दाम शोधल्या. ऱ्हस्व वेलांटी ही त्यातली पहिली. ती अक्षरावरून कमान टाकत जाते, आणि चांगल्या फॉन्टात अरुंद-रुंद अक्षरांसाठी तिच्या वेगवेगळ्या लांबीच्या आवृत्त्या असतात. मी त्या सगळ्या आवृत्त्या गरजेपेक्षा जरा जास्त पुढे नेल्या, टोक खाली वळवलं. अक्षरावर कुणाचं तरी नख टेकलंय असं वाटतं, आणि वाचताना काही अडत नाही. दुसरी जागा उकारांची. ‘ू’चं शेपूट कितीही लांबवा, वाचणारा रागावत नाही. तिसरी म्हणजे मराठीचा खास ‘ऱ्य’. ‘अंधाऱ्या’, ‘पायऱ्या’, ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ – भयकथांना लागणारे शब्द हा जुळवून देतो की काय असं वाटावं इतके त्याच्या वाट्याला आलेत. त्याची ती पापणीसारखी आडवी रेघ मी वाजवीपेक्षा खाली झुकवली. पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ हे मराठी घाट मूळ अक्षर म्हणूनच काढले. हिंदीसाठी लागणारे घाट पर्यायी ठेवले, भाषा ‘हिंदी’ निवडली की ते येतात. बऱ्याच फॉन्टांत हे उलटं असतं आणि मराठी मजकूर परक्या कपड्यांत फिरतो.

अनुस्वाराने मात्र छळलं. तो गोल टिंब न ठेवता शाईचा वेडावाकडा ठिपका केला आणि किंचित उजवीकडे सरकवला. एक-दोन शब्दांत छान दिसला. ‘हिंस्र’ लिहिलं तेव्हा वेलांटीच्या कमानीशी भांडू लागला, आणि रफार व अनुस्वार एकाच डोक्यावर आले तिथे दोघे मिळून तिसरंच काहीतरी दिसू लागले. फॉन्टमध्ये अशा खुणा अँकरने अडकवतात: अक्षरावर एक बिंदू, खुणेवर एक बिंदू, दोन्ही एकावर एक बसतात. माझी रेघ झोल घेत असल्यामुळे प्रत्येक अक्षराचा अँकर वेगळ्या उंचीवर लावावा लागला. हे काम कंटाळवाणं आहे, त्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

आता पुनरावृत्ती. हाताने काढलेला फॉन्ट पकडला जातो तो जुळ्या अक्षरांत. एका शब्दात दोन ‘क’ आले आणि दोघांच्या एकाच कडेला तोच ओरखडा दिसला की जादू संपली. यावर सगळ्यात धाडसी उपाय दोन डच अक्षररचनाकारांनी फार पूर्वी केला होता. एरिक फान ब्लोकलंड आणि युस्ट फान रोसुम यांनी १९८९-९०च्या सुमारास ‘बेओवुल्फ’ नावाचा फॉन्ट केला. त्यांनी पोस्टस्क्रिप्टमधल्या, म्हणजे पान कसं छापायचं हे प्रिंटरला सांगणाऱ्या भाषेतल्या, रेघ ओढायच्या आज्ञा बदलून त्या जागी स्वतःची ‘फ्रीकटू’ नावाची आज्ञा घातली, आणि छापताना प्रिंटर अक्षराच्या बाह्यरेषेतला प्रत्येक बिंदू थोडा इकडेतिकडे सरकवू लागला. एकच अक्षर दोनदा सारखं छापलंच जात नसे. पुढे प्रिंटरचे ड्रायव्हर आणि संगणकांच्या प्रणाली बदलल्या तशी ती युक्ती चालेनाशी झाली. आजच्या फॉन्टात असा खरा लहरीपणा घालणं अवघड आहे. ओपनटाइप या सध्याच्या प्रचलित फॉन्ट-स्वरूपात त्याऐवजी पर्यायी अक्षरं ठेवतात आणि शेजार पाहून ती बदलण्याचे नियम लिहितात.

प्रत्येक व्यंजनाचे तीन-तीन पर्याय काढायचे म्हणजे जन्म जायचा. आधी मराठी शीर्षकांत काय सगळ्यात जास्त वेळा येतं ते पाहिलं, आणि उत्तर समोरच होतं: काना. ‘काळाकभिन्न’ घ्या, ‘वाड्यातला आवाज’ घ्या. व्यंजनं बदलत राहतात, काना तोच. शिवाय बहुतेक व्यंजनांच्या पोटातही तो दंड असतोच. म्हणून स्वतंत्र कान्याचे सर्वांत जास्त पर्याय केले: एक सरळ, एक खाली फाटलेला, एक मध्येच पोक काढलेला, एक जरा आखूड. नियम असा की लगोलगच्या दोन कान्यांना सारखं रूप मिळू नये. व्यंजनांपैकी फक्त नेहमीच्या मंडळींना, म्हणजे ‘क’, ‘त’, ‘न’, ‘र’, ‘ल’, ‘स’ यांना, एकेक जादा रूप दिलं. एवढ्यावर शब्द हाताने लिहिल्यासारखा वाटू लागला.

कागदावरून संगणकात येताना गैरसमज असा असतो की स्कॅन केलं, ट्रेस केलं, झालं. आपोआप होणारं ट्रेसिंग शाईच्या प्रत्येक तंतूला बिंदू देतं. एका अक्षराला शेकड्यांनी बिंदू, त्यातले निम्मे कागदाच्या खडबडीतपणाचे. असा फॉन्ट जड होतो, आणि मुख्य म्हणजे त्यातली घाण आणि अक्षराचा स्वभाव वेगळा करता येत नाही. मी स्कॅन मागे ठेवून बाह्यरेषा हाताने काढल्या. गोलाई स्वच्छ ठेवली, खडबड फक्त तीन जागी: कान्याचं खालचं टोक, रेघेचा झोल जिथे सर्वात खोल तिथे, आणि गाठीच्या आत. आतल्या पोकळीतली खडबड पहिल्यांदा दिसत नाही. शीर्षक मोठं छापलं की दिसते, आणि तेव्हा बरं वाटतं.

जोडाक्षरांची जुळणी फॉन्टच्या आतल्या नियमांनी होते आणि ती दाखवणारं इंजिन, ब्राउझरांत बहुधा हार्फबझ, ते नियम ठरलेल्या क्रमाने लावतं. तपासायला नेहमीच्या वाक्यांपेक्षा भयकथेचा शब्दसंग्रह बरा. ‘ब्रह्मराक्षस’मध्ये ‘ब्र’, ‘ह्म’, ‘क्ष’ एका दमात येतात. ‘निर्घृण’मध्ये एकाच अक्षराला वर रफार, खाली ऋकार. ‘उद्ध्वस्त’मधला ‘द्ध्व’ कुठल्याही फॉन्टची परीक्षा घेतो. ‘मृत्यू’, ‘अदृश्य’, ‘विध्वंस’, ‘स्मशान’ हे रोजचे. हे शब्द सुटसुटीत दिसले तेव्हाच पुस्तकमालेच्या संपादकांकडे पहिला नमुना पाठवला. त्यांनी पहिली शंका काढली ती अंकांबद्दल, कारण मालिकेवर खंड क्रमांक छापायचे होते आणि माझा ‘५’ चा ‘४’ वाटत होता. तो बदलला.

वापराबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण फॉन्ट बनवणाऱ्याच्या हातून निघाला की त्याचं काय होईल हे वापरणारा ठरवतो.

पहिली गोष्ट आकाराची. हे अक्षर २४ पॉइंटांखाली वापरू नये असं मी सोबतच्या माहितीत लिहिलंय. त्याखाली झोल दिसत नाही, फक्त छपाई बिघडल्यासारखी वाटते. शीर्षक दोन ते चार शब्दांचं असावं. उपशीर्षक, लेखकाचं नाव, मागचा मजकूर यांसाठी शांत, साधं अक्षर घ्यावं. मुखपृष्ठांवर मी ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्ता’ हा फॉन्ट घेतला. एक विचित्र आणि बाकी सगळे सरळ असले की विचित्राकडे लक्ष जातं. सगळीकडे हेच अक्षर लावलं की पानभर गोंधळ, आणि भीती नाहीशी.

रंगाबाबत माझं मत जरा आडमुठं आहे. काळ्यावर लाल हा जोड या अक्षराला मारून टाकतो, कारण मग पुन्हा ‘इथे घाबरा’ची पाटी लागते. जुन्या कागदाचा पिवळट रंग आणि त्यावर जवळपास काळा हिरवा, किंवा राखाडीवर जरा गडद राखाडी, यांत शिरोरेघेचा झोल फार चांगला काम करतो. एका मुखपृष्ठावर कलाकाराने चित्र पूर्ण काढून टाकलं आणि फक्त नाव ठेवलं, पानाच्या अगदी वरच्या कडेला चिकटवून, म्हणजे शिरोरेघ कागदाच्या बाहेरच कुठेतरी बांधलीय असं वाटावं. मालिकेतलं मला सर्वात आवडलेलं मुखपृष्ठ ते.

आता तांत्रिक खाचखळगे. अडोबीच्या प्रोग्रॅममध्ये परिच्छेदाला ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर (देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारी मांडणीची सोय) लावलेला नसेल तर वेलांट्या भलतीकडे जातात आणि लोक फॉन्टला शिव्या देतात. अक्षरांमधलं अंतर वाढवायचा मोह आवरावा. ट्रॅकिंग वाढवलं की शिरोरेघेचे तुकडे वेगळे होतात आणि मी आखलेल्या चिरा व आयत्या पडलेल्या फटी यांत फरक उरत नाही. अक्षरांना बाहेरून कड द्यायची असेल तर आधी मजकूर आकारात बदलून सगळे आकार एकजीव करावेत. नाहीतर रेघेचे तुकडे जिथे एकमेकांवर चढलेत तिथे प्रत्येक सांध्यावर उभी रेघ उमटते. पारदर्शकता लावतानाही हा सांधा डोकं वर काढू शकतो.

चित्रपटाच्या किंवा वेबमालिकेच्या शीर्षकात अक्षरं एकेक करून उजळवायची पद्धत आहे. देवनागरीत ती कॅरेक्टरनुसार लावली की आधी ‘क’ येतो, मग काना, वेलांटी आयत्या वेळी उडी मारून व्यंजनाच्या अलीकडे जाते. हलवायचं असेल तर पूर्ण अक्षर एकत्र हलवावं, आणि माझ्या मते हलवायचीच असेल तर फक्त शिरोरेघ. गेममध्ये तर सगळी इंजिनं जोडाक्षरं जुळवतातच असं नाही, तेव्हा शीर्षक चित्र म्हणून देणं शहाणपणाचं. श्राव्यमालिकांच्या इवल्याशा चौकोनात पूर्ण नाव कोंबण्यापेक्षा एकच अक्षर मोठं घ्यावं. ‘ळ’ आणि ‘झ’ एकटे फार चांगले दिसतात. ‘ग’ एकटा बिचारा दिसतो.

कुठे वापरू नये याबद्दलही मला विचारतात. हेरकथांना ते जड पडतं. तिथे उत्सुकता हवी असते, आणि हे अक्षर उत्तर आधीच सांगून टाकतं. विनोदी भुतांना चालत नाही. धोक्याच्या खऱ्या सूचनांवर तर बिलकूल नको. सूचना वाचणाऱ्याने दुसऱ्यांदा पाहण्यात वेळ घालवू नये.

सध्या काम चालू आहे ते व्हेरिएबल आवृत्तीवर. २०१६ साली ओपनटाइपमध्ये व्हेरिएबल फॉन्टची सोय आली. एका टोकाला एक रूप, दुसऱ्या टोकाला दुसरं, आणि मधली सगळी रूपं सरकपट्टीने मिळवता येतात. साधारणपणे ही पट्टी जाडीसाठी किंवा रुंदीसाठी असते. मला ती बिघाडासाठी हवी आहे: एका टोकाला जवळजवळ शहाणं अक्षर, दुसऱ्या टोकाला आताचं. म्हणजे कथासंग्रहातल्या पहिल्या कथेचं शीर्षक सरळ आणि शेवटच्या कथेपर्यंत ते कणाकणाने झुकलेलं, असं करता येईल. अडचण अशी की दोन्ही टोकांना प्रत्येक अक्षरात बिंदूंची संख्या आणि क्रम अगदी सारखा लागतो, आणि फाटलेल्या टोकाला जितके बिंदू आहेत तितके शहाण्या टोकात लपवायला जागा शोधावी लागते. कान्याचं जमलंय. शिरोरेघही जमलीय, कारण तिची टोकं आधीच बांधलेली होती. ‘क्ष’, ‘ज्ञ’ आणि ‘ह्म’ अजून बाकी आहेत, आणि चिरांचं काय करायचं हे ठरलेलं नाही, कारण एकसंध रेघ सरकपट्टीने हळूहळू तुटत नाही. ती एका क्षणी असते आणि दुसऱ्या क्षणी नसते. बहुधा चिरा असलेली अक्षरं वेगळी ठेवून पट्टीच्या एका ठरावीक टप्प्यावर ती अदलाबदल करीन.